छापील दुखवटा

आमच्या बऱ्हाणपुरात तेव्हा तो पक्ष कसा काय पडला, हे विचारायला कॉलेजातली मंडळी अधूनमधून घरी येतात. चहा घेतात, वही उघडतात, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायला लागतात. महागाई म्हणे. भाषेचा प्रश्न म्हणे. नवं राज्य, जुने गट, व्यापाऱ्यांची नाराजी. मी हो हो म्हणते. वाद घालायची ताकद आता राहिली नाही. ते म्हणतात ते सगळं खरंही असेल. पण त्या पक्षाच्या बैठकांचे कप विसळण्यात माझं बालपण गेलं, तेव्हा मलाही थोडं बोलायचं आहे. एकदाच सांगते. पुन्हा पुन्हा विचारू नका, थकले बाई मी.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वराज्य आल्यापासून सिंधीपुऱ्याचे पार्षद, म्हणजे नगरसेवक होते. दापोऱ्याला आमचा केळीचा मळा होता, तो मोठे काका बघायचे. अण्णा शहरात राहून पक्षाचं बघायचे. बेचाळीस साली तुरुंगात जाऊन आलेले, अंगावर खादी, आवाज खणखणीत. घरात सकाळपासून माणसांची रीघ. कुणाला दाखला हवा, कुणाच्या नालीचं पाणी तुंबलेलं, कुणाचा भाऊ भावाशी भांडलेला. माझी माय चुलीवरून उठायची नाही. 'हे घर आहे का धर्मशाळा' असं दिवसातून एकदा तरी म्हणायची, आणि पुन्हा आधण ठेवायची.

विरोधी पक्ष म्हणाल तर तो नावाला. पिठाच्या गिरणीवरची एक खोली ही त्यांची कचेरी, आणि तिला कायम कुलूप. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, त्या दुकानाचे काका त्यांचे उमेदवार. पहिल्या निवडणुकीत अण्णांसमोर उभे राहिले आणि असे आपटले की अनामतही गेली. अण्णा गिरणीवरून जाताना मुद्दाम मान वर करून बघायचे. म्हणायचे, "झोपलाय पक्ष. हळू बोला रे, जागा व्हायचा." बरोबरची माणसं खो खो हसायची. काका दुकानात गूळ फोडत बसलेले असायचे, त्यांना ऐकू जायचंच.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. घरात कुणी गेलं की ओळखीपाळखीच्या माणसांनी त्या घरी जायचं असतं, त्याला आम्ही दारावर जाणं म्हणतो. जायचं, ओट्यावर बसायचं. बोलायला तसं काही नसतंच. कसं झालं हो, एवढं कुणीतरी विचारतं. घरातलं माणूस तेच ते पुन्हा सांगतं, आपण ऐकायचं. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, मुकाट्यानं उठायचं. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारून पिठलं-भाकरी जाते, तो कडू घास. कोण आलं, किती वेळ बसलं, ते घरातली माणसं विसरून जातात. पण कोण आलं नाही, ते बायका मरेपर्यंत विसरत नाहीत. लग्नाला नाही गेलात तर रुसवा निघतो. दारावर नाही गेलात तर संपलं.

आणखी एक. मयताची बातमी कागदावर आली तर तो कागद वाचून लगेच फाडायचा. घरात ठेवायचा नाही. माय तर असलं पोस्टकार्ड उंबऱ्याच्या आत येऊच द्यायची नाही. दारातच माझ्याकडून वाचून घ्यायची, फाडून नालीत टाकायची आणि हात धुऊन मग आत यायची.

अण्णांचं सगळं राजकारण या दारावर जाण्यात होतं. त्यांना ते राजकारण वाटायचं नाही, हेही खरं. कुणी गेल्याचं कळलं की हातातला घास टाकून उठायचे. लाकडांची गाडी सांगायची, तिरडी बांधायची, ब्राह्मणाला बोलवायचं, सगळं स्वतः. खांदा द्यायला पुढे. तापीवरून परत आले की विहिरीवर आंघोळ, आणि ओल्या धोतरानंच विचारायचे, "भाकरी गेली का त्यांच्याकडे?" भाकरी गेलेलीच असायची, मायनं थापलेली, माझ्या डोक्यावरच्या टोपल्यातून. मतं मागायला त्यांना फिरावं लागायचं नाही. पहिल्या निवडणुकीत ते नुसते गल्लीतून एकदा हात जोडून गेले. एका बाईनं दारातून म्हटलं, "तुम्ही कशाले आले हो भाऊ, आम्हाले काय माहीत नाही का?" आणि निवडून आले.

मग राज्यांची नवी जुळवाजुळव झाली. तोवर आमची राजधानी नागपूर. मायचं माहेर मलकापूर, ते आणि आम्ही एकाच राज्यात. आता नागपूर, मलकापूर, सगळा तो मराठी मुलूख तिकडे मुंबई राज्यात गेला, आणि आम्ही इकडे राहिलो, नव्या मध्य प्रदेशात. चार ठिकाणचे तुकडे जोडून ते राज्य केलेलं, राजधानी भोपाळ. माय म्हणाली, "मी जागची हलले नाही अन् माझं माहेर परमुलखात गेलं." तिला त्याचं हसू येत होतं की रडू, मला कळलं नाही.

अण्णांचं मात्र खरंच हसं झालं. नागपुरात त्यांचे तुरुंगातले सोबती होते. सचिवालयात गेले की कुणीतरी खांद्यावर हात टाकायचा, या बऱ्हाणपूरकर, जेवलात का. भोपाळात त्यांना कोण ओळखतंय? "कहाँ से आए हैं?" आणि उत्तर ऐकून, "बैठिए." बसले. जिथे जातील तिथे बाकावर बसले. आमच्या वॉर्डाच्या नळाची फाईल नागपूरहून भोपाळला जाताना कुठे गडप झाली, ती शोधायची होती. पक्षातही चार तुकड्यांचे चार गट, प्रत्येकाला आपला माणूस पुढे काढायचा. तिकिटं आता तिकडून ठरणार होती. दर थोड्या दिवसांनी अण्णा गाडीत बसायचे, भोपाळला जायचे, आणि धुरानं काळवंडलेला चेहरा घेऊन परत यायचे. आल्यावर पाय पसरून बसायचे आणि म्हणायचे, "जी-जी करून जीभ वळेनाशी झाली आता." मी पाय चेपून द्यायची. मला त्यांची कीव यायची. गल्लीतला वाघ माणूस, तिथे चपराशाला हात जोडतोय हे माझ्या डोळ्यांसमोर यायचं आणि मला भोपाळाचाच राग यायचा.

एक गोष्ट त्या कॉलेजवाल्यांच्या वहीत नसते. अण्णा तिथे स्वतःसाठी बसत नव्हते. नळासाठी बसत होते. पण माणसं मरतात ती काय भोपाळची गाडी बघून मरतात का?

एकाच्या दारावर जाणं हुकलं. मग दुसऱ्याच्या. माय म्हणाली, "आल्या आल्या जाऊन या." ते म्हणाले, "उद्या जातो." उद्या बैठक. परवा कुणी मोठा माणूस येणार म्हणून कमानी उभारायच्या. असं करत करत तेरावं उरकून जायचं, आणि तेरावं झाल्यावर दारावर कसलं जायचं?

पक्षाच्या वरच्या मंडळींना हे कळलं तेव्हा त्यांनी उपाय काढला. तो उपाय ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याला कोपरापासून दंडवत. त्यांनी शोकसंदेश छापून घेतले. चांगला जाड कागद, वर मध्यभागी पक्षाचं निशाण, खाली हिंदीत चार ओळी. "आपके परिवार पर आए इस दुःख में हम सहभागी हैं." गेलेल्याच्या नावाला टिंब-टिंब जागा. खाली अण्णांची छापलेली सही. अख्खा गठ्ठाच आमच्या घरी येऊन पडला. कुणी गेलं की नाव भरायचं, आणि पक्षाच्या कचेरीतले म्हातारे चपराशी, सायकलवाले बाबा म्हणायचो आम्ही त्यांना, ते जाऊन देऊन येणार.

मायनं तो गठ्ठा बघितला आणि पदर तोंडाला लावला. "अहो, हे काय भलतंच? मयताचा कागद लोकांच्या घरात धाडता?"

"मयताची बातमी वेगळी," अण्णा म्हणाले. "हा सांत्वनाचा कागद आहे."

"कागदाले काय कळतं? ज्याच्यावर मेलेल्याचं नाव, तो मयताचा कागद."

"आता जमाना बदलला. मोठमोठ्या शहरांत असंच करतात."

"मग जा तिकडेच उभे राहा निवडणुकीले," माय म्हणाली आणि आत गेली. अण्णा माझ्याकडे बघून हसले, बायकांचं काय मनावर घ्यायचं असं. ते दमले होते, हेही मला दिसत होतं. त्यांना वाटलं असेल, एक ओझं तरी कमी झालं.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक म्हातारी राहायची. घरात ती, तिचा म्हातारा आणि तिची विधवा जाऊ. एकुलती एक लेक शहापूरला दिलेली. म्हातारा आणि अण्णा रोज सकाळी ओट्यावर दातांना मिश्री लावत गप्पा मारायचे, इतकी जवळीक. तो म्हातारा गेला तेव्हा अण्णा भोपाळात होते.

मी आणि माय कडू घास घेऊन गेलो. किराण्यावाले काका ओट्यावर होते. दुकान बंद करून सकाळपासून तिथेच. बांबू, मडकं, पांढरं कापड त्यांच्याच दुकानातलं, ते दुकानात हेही सामान ठेवायचे, त्यामुळे कुणाकडे काय झालं ते गल्लीत सगळ्यांआधी त्यांना कळायचं. ते एका कडेला बसून होते, जानव्याची गाठ चाचपत.

तेवढ्यात सायकलवाले बाबा आले. सायकल भिंतीला लावून त्यांनी तो जाड कागद म्हातारीच्या हातात दिला आणि हात जोडून उभे राहिले. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "काय आहे वं बाई?" मी वाचलं. हिंदी होतं, मी जमेल तसं मराठीत सांगितलं. म्हाताऱ्याचं नाव टिंबांवर बसलं नव्हतं, ओळीच्या खाली घसरलं होतं.

"कोणी धाडला?"

"अण्णांनी," मी म्हटलं.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, फाडला, पुन्हा फाडला, आणि नालीत टाकला. मग जावेला पाणी आणायला सांगून हात धुतले. तिच्या मनात अण्णांबद्दल काही नव्हतं. मयताचा कागद असाच फाडतात, तसा तिनं फाडला. निशाणाचा तुकडा नालीच्या कडेला उताणा पडला होता, काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मायनं माझा हात धरला आणि आम्ही न बोलता उठलो.

परत आल्यावर अण्णांना मायनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दहाव्याला जाईन, म्हातारा माझा जवळचा होता." दहाव्याला मंत्री येणार होते.

त्यानंतर गल्लीत, वॉर्डात, जिथे कुणी गेलं तिथे तो कागद गेला आणि फाडला गेला. विचार करा, प्रत्येक घरातल्या बाईनं आपल्या हातानं पक्षाचं निशाण फाडून नालीत टाकायचं आणि वर हात धुवायचे. हे करायला विरोधी पक्षानं जिवाचं रान केलं असतं तरी जमलं नसतं. आमच्या पक्षानं ते घरपोच करून दिलं.

तिकडे गिरणीवरच्या खोलीचं कुलूप निघालं. आधी एक-दोन माणसं बसायला लागली, मग सतरंजी आली, मग बाहेर फळा लागला. काका सकाळी दुकानात, दुपारी कुणाच्या तरी दारावर, संध्याकाळी खोलीवर. ते काही संत नव्हते, हे सांगून ठेवते. दारावर बसून बसून त्यांनी आख्ख्या वॉर्डाची नाडी ओळखली, कोण कुणावर नाराज, कुणाचं काम अडलंय. अण्णांना त्याची चीड यायची. "मढ्यामागे दुकानदारी करतोय नुसती! आधी कफन विकायचं, मग मत मागायचं!"

माय भाकरी भाजता भाजता म्हणाली, "त्यानं दुकान उघडलं तरी. तुम्ही तं बंदच केलं."

अण्णा ताटावरून उठून गेले. त्या दिवशी मला मायचा राग आला होता. एवढं तोडून बोलायची काय गरज, असं वाटलं. आज वाटतं, तिच्याशिवाय त्यांना खरं सांगणारं कुणी राहिलंच नव्हतं. बाकीचे सगळे चहा पिणारे.

निवडणूक लागली. तिकीट मिळालं, त्यासाठी किती चपला झिजल्या ते सोडा. अण्णांना ती जागा हवी होती, जिवापाड हवी होती. पार्षद नाही तर आपण कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मळा भावाचा, घर पक्षाचं, आणि ते स्वतः वॉर्डाचे. रोज पहाटे उठून ते नुसते अंगणात येरझाऱ्या घालायचे. नळाची फाईल अखेर सापडली होती, मंजुरी येणार येणार म्हणत होते. "फक्त मला एकदा बसू दे," असं ते मला म्हणायचे, मी जणू मतपेटीच होते.

प्रचाराला घरोघर विनंतीपत्र द्यायचं ठरलं. आणि इथे पुन्हा त्या हुशार मंडळींची कमाल. छापखाना तोच. जाड कागद तोच, आधीचा उरलेला. वर मध्यभागी निशाण तसंच, खाली हिंदीत चार ओळी, खाली तीच छापलेली सही. आणि वाटायला कोण? सायकलवाले बाबा. एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला सांगू. माय त्या दिवशी दापोऱ्याला गेली होती, नाही तर तिनं बाबांना दारातच अडवलं असतं.

सकाळची वेळ. मी अंगणात सडा घालत होते आणि कोपऱ्यावरून किंकाळी आली. माझ्या हातून बादली पडली. धावत गेले. कोपऱ्यावरची म्हातारी ओट्यावर लोळण घेत होती, छाती पिटत होती, "माझी लेक गेली वं माय, माझी लेक गेली!" शहापूरची तिची लेक बाळंतपणाला टेकली होती. म्हातारीनं दारात बाबांना बघितलं, हातात तो जाड कागद, वरचं ते निशाण. तिला आणखी काय वाटणार? तिची जाऊ चुलीवर पाणी ओतून मोकळी झाली होती. एक शेजारी शहापूरला जायला टांगा आणायला पळाला. बायका गोळा होऊन रडायला लागल्या. बाबा बिचारे दारातच उभे, "अरे नही, नही, माताजी," म्हणत. त्यांचं कोण ऐकतंय.

मी कागद उचलला. वाचला. "आपका अमूल्य मत."

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा वाचलं. रडणं थांबलं. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि एकदम सगळी गल्लीच हसायला लागली, नुकत्या रडलेल्या बायका डोळे पुसत पुसत हसायला लागल्या. एक माणूस मात्र भडकला. "मरणाचीही थट्टा करून राह्यले हे लोक!" म्हातारी हसली नाही की रागावली नाही. तिचा श्वासच जागेवर येत नव्हता. मी तिची पाठ चोळत बसले. त्या सहीवर माझ्या बापाचं नाव होतं.

अण्णा कळल्या कळल्या आले. गर्दीतून वाट काढून तिच्यासमोर बसले, हात जोडले. "मावशी, चूक झाली. माफ करा."

ती म्हणाली, "मले वाटलं पोरगी गेली." पुन्हा तेच म्हणाली. त्याच्यापुढे तिला काही सुचतच नव्हतं. अण्णा तसेच हात जोडून बसून राहिले आणि मग उठून आले.

दुपारपर्यंत ही गोष्ट वॉर्डभर झाली. बाबा ज्या गल्लीत शिरतील तिथे बायका आधीच ओरडायच्या, "तिकडेच थांबा बाबा, दारात पाय टाकू नका!" ज्यांच्या हातात कागद पडला त्यांनी न वाचता फाडला. सवय लागली होती ना हाताला. संध्याकाळी बाबा उरलेला गठ्ठा घेऊन आमच्याकडे आले, ओसरीवर ठेवला आणि म्हणाले, "हमसे अब नहीं होगा, साहब." अण्णांनी त्यांना पाणी दिलं.

किराण्यावाल्या काकांनी या गोष्टीचा प्रचारात एका शब्दानं उल्लेख केला नाही. त्यांना करायची गरज नव्हती.

मतं मोजली त्या दिवशी मी आणि माय घरीच होतो. अण्णा एकटे चालत आले. बरोबर कुणी नाही, यावरूनच मायला कळलं. तिनं पाट मांडला. ते जेवायला बसले आणि भात कालवून नुसते बघत राहिले. "गेलं," म्हणाले. मग माय रडली. इतकी वर्षं या माणसांच्या चहापायी चिडचिड करणारी माझी माय, पदरात तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दूध उरायला लागलं. पक्षाची बैठक झाली, ती आमच्याकडे नाही, दुसरीकडे. तिथे कारणं काढली गेली. महागाई. भाषेचा प्रश्न. विरोधकांचा अपप्रचार. अण्णा ऐकून आले आणि मला म्हणाले, "सगळे अगदी शहाणे झालेत." पुढे काही वर्षांनी भोपाळातही त्या पक्षाची गादी हलली, तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. काका पार्षद झाले. पहिली काही वर्षं तेही धावायचे, मग त्यांच्याही दाराशी जीप उभी राहायला लागली आणि दुकान मुलगा बघू लागला. पण ते फार पुढचं. नळ आला तो त्यांच्याच काळात, अण्णांच्या फाईलीवर.

हरल्यानंतर अण्णा बरेच दिवस घराबाहेर पडले नाहीत. मायनं दापोऱ्याला चला म्हटलं, तर नको म्हणाले. मग एका सकाळी कोपऱ्यावरून रडणं ऐकू आलं. या खेपेला खरंच. म्हातारीची विधवा जाऊ झोपेतच गेली होती.

अण्णा दात घासत होते. चूळ भरली, सदरा अंगात घातला न घातला आणि निघाले. बटणंही रस्त्यात लावली. मी त्यांच्यामागे. कितीतरी दिवसांनी त्यांना असं झपझप चालताना बघत होते, आणि मला बरं वाटत होतं, अशा वेळी वाटू नये तरी. कुणीच आलं नव्हतं अजून. सगळ्यांत आधी आम्ही. म्हातारी उंबऱ्यात बसली होती, आत जाऊ पडलेली.

अण्णा ओट्यावर चढले. म्हातारीनं वर बघितलं. डोळे सुजलेले, ओळखायला तिला जरा वेळ लागला.

"भाऊ, तुम्ही?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते, तिला खरोखर कळत नव्हतं. "इलेक्शन तं झालं नं? मग आता काहून आले?"

अण्णा ओट्याच्या कडेला टेकले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

मग म्हातारीनं मान माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "बाई, किराण्यावाल्या भाऊले कोणी निरोप धाडला का?"